बाबांचं रिव्हॉल्व्हर आणि तुमची पर्स

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमची सराफी पेढी आहे. सात महिन्यांपूर्वी वडील वारले. त्यांच्या नावावर .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) रिव्हॉल्व्हर आहे आणि परवान्याची मुदत पुढच्या वर्षापर्यंत आहे. आता पेढी मी बघते. रोख भरायला बँकेत जाताना दोनदा ते पर्समध्ये टाकून नेलं. पण ते जड आहे, पर्समधून उठून दिसतं. ते विकून एखादं छोटं, कोणाच्या नजरेत न येणारं घ्यावं असं मनात आहे. ‘निर्भीक’ घ्यावं की ‘प्रबल’? लपवून बाळगायला वेगळी परवानगी लागते का? भाऊ म्हणतो की बाबांच्या वस्तूवर त्याचाही हक्क आहे, तो विकू देणार नाही.

उत्तर : ताई, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. चौथा मात्र, जो या सगळ्यांत मोठा आहे, तो जाता जाता एका वाक्यात सांगून मोकळ्या झालात. छोटं रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यायचं ते नंतर पाहू. आज तुमच्या कपाटात जे मोठं रिव्हॉल्व्हर आहे, ते तिथे असणंच बेकायदा आहे.

परवान्यावर पुढच्या वर्षाची तारीख आहे म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. असा समज मी निदान दहा-बारा घरांत पाहिला आहे, शिकल्यासवरल्या घरांतही. पण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवाना त्या माणसाला दिलेला असतो. बाबा गेले त्या दिवशी त्यांचा परवानाही संपला. बाबा होते तेव्हा नूतनीकरणासाठी तुम्ही कदाचित हेच रिव्हॉल्व्हर त्यांच्याबरोबर कचेरीत नेलं असेल. ते चाललं, कारण परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, दुरुस्ती वा नूतनीकरणासाठी ते नेण्याची सूट त्याच कलमात आहे. आता तो अधिकार द्यायला कुणी उरलेलं नाही.

विनापरवाना रिव्हॉल्व्हर ताब्यात ठेवणं किंवा बाळगणं हा कलम २५(१ब)(अ) खालचा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा वाढली : पूर्वी एक ते तीन वर्षं होती, आता किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं, शिवाय दंड. विशेष कारणं नोंदवून न्यायालय कमी शिक्षा देऊ शकतं, पण ती पुढची गोष्ट. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे अटकेसाठी वॉरंट लागत नाही. ‘ते कपाटातच होतं, मी हातही लावला नव्हता’ हा बचाव तुम्हाला तसाही उपयोगी नाही. पण तुमच्या आईला कुणी तो सुचवलाच तर सांगते : सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात म्हटलं की शस्त्र अंगावर असायलाच हवं असं नाही. ते आहे याची जाणीव आणि त्यावर नियंत्रण असलं की ताबा सिद्ध होतो. कपाटाची किल्ली ज्याच्या कमरेला, तो या व्याख्येत बसतो.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. वाट कायद्यानेच ठेवली आहे. कलम २१ म्हणतं की ज्याचा ताबा कोणत्याही कारणाने बेकायदा ठरला, त्याने शस्त्र ‘विनाकारण विलंब न करता’ जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं. सात महिने हा विलंब आहेच. तरी सुतक, दिवसकार्य, पेढी सांभाळण्याची धावपळ, ही कारणं खरी असतील तर ती अर्जात लिहा. कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, ती तरतूद कलम ३९ मध्ये आहे. म्हणजे उद्या तुम्ही ज्यांच्याकडे स्वतःच्या नावे परवाना मागणार, मंजुरीचा कागदही त्यांच्याच टेबलावर जाणार. आपण होऊन आणून दिलेलं शस्त्र आणि झडतीत सापडलेलं शस्त्र त्या टेबलावर सारखं दिसत नाही.

जमा करायला जाताना ते पर्समध्ये टाकून स्कूटरवरून निघू नका. आधी नुसता अर्ज घेऊन ठाण्यात जा, शक्यतो स्थानिक वकिलासोबत. रिव्हॉल्व्हर कधी आणि कसं आणायचं ते ठाणे अंमलदाराला विचारा, त्यांनी माणूस पाठवला तर उत्तमच. आणायची वेळ आलीच, तर ते रिकामं करून कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, आणि वाटेत कुठेही न थांबता. रिकामं कसं करायचं हे येत नसेल तर हात लावू नका. काडतुसं मोजून आकडा अर्जात लिहा. बाबांच्या परवान्यावर नोंदलेल्या संख्येशी तो जुळला नाही तरी खराच आकडा लिहा. पोचपावतीवर शस्त्राचा क्रमांक, बोअर, काडतुसांची संख्या आणि स्टेशन डायरीची नोंद पाहिजे. ‘मिळाले’ एवढं लिहून शिक्का मारलेला कागद घेऊन परतू नका. परत मिळवण्याची किंवा विक्रीची मुदत किती, तेही तिथेच विचारा. मुदत उलटली तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं.

बँकेच्या त्या दोन फेऱ्यांबद्दल. अर्जात खोटं काही लिहायचं नाही. पण जे विचारलेलं नाही त्याची कबुली वकिलाशी बोलल्याशिवाय द्यायचीही नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. आणि हो, हे मला लिहिलंत ते लिहिलंत, आता मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहू नका. तुम्ही मला वकीलपत्र दिलेलं नाही, त्यामुळे अशील-वकील गोपनीयतेचं कवच या पत्राला मिळेलच असं नाही.

आता भाऊ. रिव्हॉल्व्हर ही वस्तू बाबांच्या इस्टेटीचा भाग आहे आणि आई, भाऊ, तुम्ही असे सगळे तिचे वारस आहात. त्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. पण वारसा वस्तूचा मिळतो, ती बाळगण्याचा अधिकार नव्याने मागावा लागतो, आणि ते त्यालाही लागू आहे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देण्याची सोय आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. भावाची सही मिळत नसेल तर भांडत बसण्यापेक्षा त्याला हिशेब दाखवा : जुन्या .३२ ची जी काही किंमत येईल ती वाटणीत धरू, असं लेखी द्या. भावाबहिणीतला वाद पोलीस अहवालात उतरला तर परवाना दोघांनाही मिळणार नाही. ज्या घरात भांडण आहे तिथे बंदूक द्यायला कुठलाही अधिकारी कचरतो, आणि माझ्या मते योग्यच करतो.

तुमचा अर्ज तालुक्याच्या गावातून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाईल. आयुक्तालयाच्या हद्दीत असतात तर पोलीस आयुक्तांकडे गेला असता. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग पोलीस चौकशी, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. सोनं आणि रोख नेण्या-आणण्याचा धंदा ही नियमांना मान्य असलेली गरज आहे, पण ती कागदावर दिसली पाहिजे : बँकेच्या भरणा पावत्या, जीएसटीची नोंद, पूर्वी काही घडलं असेल तर तक्रारीची प्रत. नकार आला तर तो कारणांसह लेखी मागा. कलम १८ खाली अपील करता येतं आणि त्याची मुदत छोटी असते. परवाना आता पाच वर्षांचा मिळतो, आणि एका माणसाला दोनपेक्षा जास्त शस्त्रं ठेवता येत नाहीत. २०१९ पूर्वी ही मर्यादा तीनची होती.

लपवून बाळगण्याचं म्हणाल तर गंमत आहे. सिनेमे पाहून आपल्याला वाटतं की शस्त्र उघड्यावर लावणं साधं आणि लपवणं संशयास्पद. आपल्या नियमांत उलट आहे. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकपिशवीत असलं पाहिजे, पूर्णपणे झाकलेलं असलं पाहिजे, आणि त्यावर तुमचं नियंत्रण असलं पाहिजे. दाखवणं, परजणं, हवेत बार उडवणं याला बंदी आहे. तेव्हा वेगळी परवानगी लागत नाही. झाकणं हीच अट आहे. माझ्याकडे एक व्यापारी आले होते. हॉटेलात पैशांवरून बोलाचाली झाली, यांनी फक्त जॅकेट बाजूला सारून कमरेचं दाखवलं. गोळी नाही, शिवी नाही. अटीभंगाचा गुन्हा कलम ३० चा, त्याची शिक्षा फार नव्हती. परवाना मात्र गेला.

‘नियंत्रण’ या शब्दाशी तुमची पर्स जुळत नाही. रोख आणि रिव्हॉल्व्हर एकाच पर्समध्ये ठेवलं तर हिसकावणाऱ्याला एका झटक्यात दोन्ही मिळतं, आणि हरवलेल्या शस्त्राचा जबाब तुम्हाला द्यावा लागतो. बँकेच्या काउंटरवर ठेवलेली पर्स हेही नियंत्रण नव्हे. कमरेचा होल्स्टर आणि वरून कुर्ता किंवा जॅकेट, हेच नियमात बसतं. शिवाय परवान्यावरचं क्षेत्र, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वरचेवर निघणारे मनाई आदेश वाचत चला. निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. ती आली की निमूटपणे जमा करायचं.

मग निर्भीक की प्रबल? दोन्ही .३२ बोअरची, दोन्ही कानपूरच्या सरकारी कारखान्यांची, म्हणजे बोअरची अडचण नाही. ९ मिलिमीटर किंवा .३८ कुणी सुचवलं तर कानावर हात ठेवा, ते प्रतिबंधित बोअरमध्ये जातं. निर्भीक २०१४ मध्ये आलं, वजन सुमारे अर्धा किलो, महिलांसाठी म्हणून जाहिरात झाली. ते जुन्या धाटणीचं, मधून मोडून उघडणारं आहे. २०२३ मध्ये आलेल्या प्रबलचं चक्र बाजूला उघडतं, नळी ७६ मिलिमीटरची, वजन थोडं जास्त. त्याची जाहिरात ५० मीटरच्या पल्ल्यावर चालते. वकील म्हणून मला त्या आकड्याचं कौतुक नाही. ५० मीटरवरच्या माणसापासून तुमच्या जिवाला तत्काळ धोका होता, हे न्यायालयाला पटवून दाखवा बरं.

कारण खरा कस तिथेच लागतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. जीव घेण्यापर्यंत तो हक्क केव्हा जातो हे कलम ३८ आणि ४१ सांगतात. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, जबरी चोरी, असे प्रसंग त्यांत आहेत. पण कलम ३७ म्हणतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. चोराने पिशवी हिसकावली आणि तो पाठ करून पळतोय, अशा वेळी झाडलेली गोळी तुमच्यावरच खुनाचा आरोप आणू शकते. तुमची कृती खासगी संरक्षणाच्या अपवादात बसते हे दाखवण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे तुमच्यावर असतो. तेव्हा जे तुमच्या हाताला नेमकं बसतं, ज्याचा घोडा तुम्हाला ओढता येतो आणि जे रिकामं आहे की भरलेलं हे चटकन कळतं, ते घ्या. मला विचाराल तर बाजूला उघडणारं चक्र नवख्या हाताला सोयीचं. फार छोटं आणि हलकं म्हणून घेतलेलं रिव्हॉल्व्हर झटका जास्त देतं, नेम कमी धरतं. प्रशिक्षणात दोन्ही हातात घेऊन पाहा आणि मगच ठरवा.

बाबांचं विकायचं असेल तर तुमच्या नावे परवाना झाल्यावर. कलम ५ प्रमाणे परवानाधारक ग्राहकाला विकण्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. शस्त्रविक्रेत्यामार्फत विक्री सोपी जाते, पण तो भाव पाडून मागणार हे गृहीत धरा.

हे सगळं व्हायला काही महिने लागतील आणि तोवर रोज संध्याकाळी रोख भरायचीच आहे. तेवढ्यात बँकेकडे दुकानावर येऊन रोख नेण्याच्या सेवेची चौकशी करा, वाहतुकीतल्या रोख रकमेचा विमा काढा, आणि निदान वेळ व रस्ता तरी बदलता ठेवा.

उद्या सकाळी ठाण्यात जाताना बाबांचा मूळ परवाना सोबत असू द्या. घरात सापडत नसेल तर बँकेच्या लॉकरमध्ये बघा, बहुतेक घरांत तो तिथेच निघतो.