दारावरचे धान्याचे कडे: त्यात काय घालावे, काय टाळावे आणि ते कसे बांधावे

आपण विचारले आहे की, छत्रपती संभाजीनगरातील नव्या फ्लॅटच्या दारावर परदेशात लावतात तसे गोल, सुकलेल्या वस्तूंचे कडे स्वतः बनवून लावायचे झाल्यास घरात बरकत यावी यासाठी त्यात काय घालावे, लसूण-मिरची घालावी का आणि ते कोणत्या दिवशी लावावे. मी लातूर भागातली आहे. दसऱ्याला आणि पाडव्याला अशी कडी बांधून नात्यागोत्यात देत असते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अमुक वस्तू लावली की अमुक फळ मिळते, असे सांगणाऱ्या याद्यांवर माझा विश्वास नाही. दारावरची वस्तू ही त्या घराने बोलून दाखवलेली इच्छा असते आणि ती आपल्याच मातीतल्या जिनसांनी बोललेली बरी दिसते. ज्या परदेशी कड्यांचे आपण अनुकरण करू पाहतो, तीही हाताशी असलेल्या सामानातूनच घडली आहेत. नाताळची वाट पाहणाऱ्या गरीब मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न यांनी मेणबत्त्या लावल्या, त्या गाडीच्या जुन्या चाकावर; जपानात नववर्षाला दारावर जे शुभचिन्ह टांगतात, ते भाताच्या पेंढ्याच्या वळलेल्या दोरीचे असते. आपल्याकडे गाडीचे चाक सहज मिळणार नाही आणि भातही फारसा पिकत नाही, पण ज्वारी, गहू, कापूस आणि हळद यांना मराठवाड्यात तोटा नाही.

माझ्या मते कड्याचा मुख्य भाग धान्याच्या कणसांचाच असावा, कारण आपल्याकडे लक्ष्मी धान्याच्या रूपानेच घरात येते. महालक्ष्म्यांपुढे आपण धान्याच्या राशी मांडतो, घटातले उगवलेले धान दसऱ्याला टोपीत खोचतो आणि वेळ अमावस्येला कडब्याची खोप करून तिथे पूजा मांडतो. कणसांच्या जोडीला वसमतकडची दोन-तीन अख्खी हळकुंडे, सुपारी, पाच कवड्या आणि देठासकट उमललेली कापसाची बोंडे पुरेशी होतात. कवड्यांना आपल्याकडे तुळजाभवानीच्या माळेमुळे मान आहे. घरातील वडीलधाऱ्यांना चालणार असेल तरच त्या घ्याव्यात. आपट्याच्या फांद्या मात्र ओरबाडून आणू नयेत. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनच विकला जातो, त्यामुळे हेतूही साधत नाही आणि झाड मात्र बोडके होते.

लसूण, सुकी मिरची, लिंबू, बिब्बा हे मी या कड्यात घालत नाही. बोलावण्याच्या वस्तू आणि हाकलण्याच्या वस्तू आपल्या घरांत वेगवेगळ्या ठिकाणी असतात: तोरण चौकटीच्या माथ्यावर, तर दृष्टीसाठीचे लिंबू-मिरची दोऱ्यात ओवून बाजूला, आणि तेही काही दिवसांनी बदलण्यासाठी. दोन्ही एकाच कड्यात कोंबले, तर येणाऱ्याला ‘या’ म्हणावे की ‘दूर राहा’, हे त्या दारालाच कळेनासे होते. बिब्ब्याबाबत एक व्यवहाराचे कारणही आहे. त्याचे तेल कातडीला लागले तर बिब्बा उततो आणि फोड येतात, म्हणून लहान मुलांचा हात पोचेल अशा वस्तूत तो नसावा.

सांगाडा तारेचा करण्यापेक्षा बुरडाकडून ओल्या बांबूची कामटी आणावी. एक फूट व्यासाच्या कड्यासाठी सव्वातीन फुटांहून थोडी अधिक लांबीची कामटी लागते, तिची दोन टोके चार बोटे एकमेकांवर घेऊन सुतळीने घट्ट आवळावीत. मग कडब्याची पाने तासभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावीत, म्हणजे ती मऊ पडतात आणि मोडत नाहीत. पेंढीच्या आळ्यासारखा पीळ देत ती कामटीभोवती गुंडाळावीत. हे वेष्टण सावलीत पुरते वाळल्याशिवाय पुढचे काम हाती घेऊ नये, नाहीतर आत बुरशी धरते.

कणसांची निवड हा सर्वात महत्त्वाचा भाग आहे. काणी (ज्वारीवरचा बुरशीचा रोग) पडलेले कणीस वरून चांगले दिसले, तरी बोटाने दाबताच काळी भुकटी सोडते आणि नव्याने रंगवलेल्या भिंतीवर तिचा पट्टा उमटतो. शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, कणीस भरदार आणि जड असते. म्हणून ते जुडीने न बांधता एकेक बांधावे आणि पूर्ण कड्याला बारा-पंधरांहून अधिक घेऊ नयेत. पहिलेच कडे असेल तर मी गव्हाच्या ओंब्या सुचवीन: त्या हलक्या असतात, पाच-पाचच्या जुड्या सहज बसतात आणि कुसळांमुळे कड्याला आपोआप झालर येते. दाणा भरला आहे, पण ओंबी अजून झडू लागलेली नाही, अशा वेळी कापलेली घ्यावी आणि चार-पाच दिवस उलटी टांगून वाळवावी. प्रत्येक जुडी आधीच्या जुडीचे देठ झाकेल अशा रीतीने, सगळ्या एकाच दिशेने बांधत जावे. शेवटच्या जुडीचे देठ पहिलीच्या खाली सरकवले की जोड दिसत नाही. हळकुंडे आणि सुपाऱ्या दोऱ्याने बांधाव्यात. गोंदाने चिकटवल्यास पावसाळ्यात त्या निखळतात.

गोल आकाराबद्दल घरातील वृद्ध मंडळी नाक मुरडतील, हेही गृहीत धरावे. आपल्याकडे फुलांचे गोल चक्र दिवंगतांना वाहतात, त्यामुळे पांढऱ्या फुलांचे कडे दारावर लावणे मला योग्य वाटत नाही. वर आंब्याच्या पानांचे नेहमीचे तोरण बांधून त्याखाली धान्याचे कडे टांगले, की तो आक्षेप उरत नाही. कडे दाराच्या फळीवर न लावता चौकटीलगतच्या भिंतीवर खिळा ठोकून लावावे, कारण दार आपटले की दाणे झडतात.

मुहूर्ताचे म्हणाल, तर गव्हाच्या कड्याला गुढीपाडवा सोयीचा आहे. तोवर रब्बीचे पीक हाती आलेले असते. खरिपाची ज्वारी वेळेवर निघाली तर दसराही उत्तम. पाडव्याच्या दिवशी साखरगाठी अडकवायची असल्यास संध्याकाळी काढून घ्यावी, अन्यथा मुंग्या लागतात. दिवाळीत कड्याखाली पणत्या मांडू नयेत. सुकी पाने आणि कापूस पेट घ्यायला वेळ लावत नाहीत.

एका पिकापलीकडे तेच कडे ठेवू नये. तोवर दाण्यांना टोके (धान्यातले किडे) लागतात आणि उंबऱ्याशी पीठ पडू लागते. सोनेरी रंग किंवा व्हार्निश मारले नसेल, तर जुनी कणसे गच्चीवर चिमण्यांसाठी टांगता येतात, कडबा गाईपुढे टाकता येतो आणि कामटी, कवड्या, सुपाऱ्या पुढच्या कड्याला कामी येतात. शहरात कणसे कुठे मिळतील, हा प्रश्न आपल्याला पडेल. मोंढ्यात मळणी झालेले धान्यच येते, म्हणून काढणीच्या आधी गावाकडच्या एखाद्या नातलगाला सांगून ठेवावे आणि देठ हातभर लांब ठेवून कापायला बजावावे.