संगीत ऐकून आजार खरंच बरे होतात का? कोणत्या आजारावर कोणता राग ऐकावा?

रागांची यादी मी देणार नाही. अमक्या रागाने मधुमेह जातो, तमक्याने रक्तदाब उतरतो असे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांना आधार नाही. पण गाण्याने आजारी माणसाला काही मिळतं का, असं विचारत असाल तर हो. आमच्या घरात मिळालं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू, वाचा दोन्ही गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, पण पाणी मागायला गेले की तोंडातून नुसतं 'बा बा' यायचं. मग चिडून भिंतीकडे तोंड करून पडायचे. अशात एकादशीला शेजारी भजन चालू होतं, आणि अण्णांनी पडल्या पडल्या अभंगाचं अख्खं धृपद म्हटलं. शब्द स्वच्छ! आत्या म्हणाली, देव पावला. थोरले काका म्हणाले, आजारी माणसाला शांतता लागते, खिडकी लावा.

मी खिडकी लावली नाही. स्पीच थेरपिस्टला विचारलं. त्यांनी सांगितलं, बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि अण्णांची तीच दुखावली आहे. गाताना उजवी बाजूही कामाला लागते. यावरूनच १९७३ च्या सुमारास बॉस्टनमध्ये मेलोडिक इंटोनेशन थेरपी निघाली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य एक वरचा, एक खालचा अशा दोन सुरांत म्हणायचं, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठोका द्यायचा, आणि जमायला लागलं की सूर हळूहळू काढून घ्यायचा. पाठ अभंग म्हणता येणं म्हणजे बोलणं नव्हे. अभंगापासून 'पाणी द्या'पर्यंत यायला कित्येक महिने गेले. ठेक्याची सवय हाडात होती म्हणून अण्णा कंटाळले नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

काका तेव्हा म्हणायचे, पैसे देऊन गाणी कसली म्हणवता? आजही चार लोकांत सांगतात की वाचा आली ती त्यांनी आणलेल्या तेलाने. अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांना २०११ मध्ये डोक्यात गोळी लागली, त्यांच्याही वाचेच्या उपचारात गाणं होतं. त्यांना कुणी तेल लावलं होतं?

नुसतं ऐकण्याचाही उपयोग होतो. हेलसिंकीत झटका आलेल्या रुग्णांना रोज आवडीचं संगीत ऐकवलं, तर त्यांची शब्दांची आठवण आणि लक्ष जास्त सुधारलं, उदासीही कमी राहिली. हा अभ्यास २००८ चा. 'आवडीचं' हा शब्द धरून ठेवा, राग कुठलाही असो. पण जमेल त्याने स्वतः म्हणावं, तेही माणसांत बसून. अण्णांचं मन उभारी धरू लागलं ते मंडळात परत जाऊन, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला तेव्हा.

हे सगळ्यांनाच लागू पडत नाही. ज्यांना दुसऱ्याचं बोलणंच समजत नाही, त्यांना या पद्धतीचा फारसा उपयोग होत नाही. आणि झटका आला की आधी दवाखाना गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. रक्तदाबाच्या गोळ्या भजनासाठी बंद करू नका. तेल लावायचं तर खुशाल लावा, पण व्यायाम आणि म्हणण्याचा सराव बुडवून नको. घरातले काका कितीही मोठे असोत, हे त्यांना तोंडावर सांगा.