'हुआ नागपुर का भी घात' : तो घात की ती घात?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी विचारलंय : सुभद्राकुमारी चौहान यांच्या 'झाँसी की रानी' कवितेत 'क़ैद पेशवा था बिठूर में, हुआ नागपुर का भी घात' अशी ओळ आहे. वर्गातल्या एका पोराने तिचा अर्थ सांगितला, 'नागपूरलेबी घात आली.' म्हणजे पेरायला जमीन तयार झाली! हा घात आणि आपली घात एकच का?

पोराचा दोष नाही. त्याच्या घरी जूनमध्ये दिवसभर हाच शब्द चालत असणार. मृगाचा पाऊस पडून उघाड पडली, काळी माती तिफणीला चिकटेनाशी झाली, पण ओल खाली आहे, की म्हणायचं 'वावराले घात आली'. कृषी खात्याची पत्रकं याला वाफसा म्हणतात. पाऊस पुन्हा लागला की घात गेली.

ही घात स्त्रीलिंगी. ती येते, जाते, साधते, हुकते. आणि ती वावराला येते. दुसरा घात पुल्लिंगी. तो होतो किंवा कोणी करतो, आणि कोणाचा तरी होतो : 'माझा घात झाला'. विश्वासघात, अपघात, घातपात ही सगळी त्याचीच भावंडं. लिंग, विभक्ती, क्रियापद असं तिन्हीकडून वेगळेपण असल्याने मराठी बोलताना आपला गोंधळ होत नाही. गंमत म्हणजे हिंदीतही दोन्ही आहेत. तिथली स्त्रीलिंगी घात म्हणजे डाव साधायची संधी. मांजर उंदरासाठी 'घात लगाए' बसते. योग्य वेळ हा अर्थ तिथेही आहेच, फक्त पेरणीचा नाही, झडप घालायचा.

कवितेत 'हुआ' आहे, 'हुई' नाही. प्रश्न तिथेच मिटतो. शिवाय 'का' आहे. तेव्हा सरळ 'नागपूरचाही घात झाला' म्हणा, शब्द बदलायची गरजच नाही.

झालंही तसंच. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये वारले, पोटी मुलगा नव्हता, आणि 1854 मध्ये इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. झाशीही त्याच वर्षी गेली. राजवाड्यातले दागिने लिलावासाठी कलकत्त्याला गेले. 'नागपूर के ज़ेवर ले लो' ही याच कवितेतली हाक त्या लिलावाची आहे. ती ओळ पोरांना आधी वाचून दाखवा, घात कसला ते आपोआप कळेल.

फक्त त्या कडव्यावरून सनावळी शिकवू नका. तिथे लखनौ नागपूरच्या आधी येतं, प्रत्यक्षात लखनौ ज्याची राजधानी ते अवध 1856 मध्ये गेलं. सातारा कवितेत नागपूरनंतर येतं, पण ते गेलं नागपूरच्याही आधी, 1848 मध्येच. बात, घात, बिसात, निपात असं यमक जुळवायचं तर क्रम थोडा इकडेतिकडे होणारच.