आजोबांची बंदूक नावावर करण्याआधी

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

पुरात बंद घराची कडी तोडून कोणीतरी घंगाळ, समया आणि विहिरीवरचा पंप नेला. याचा राग आला नसता तर मीच तुला चार शब्द सुनावले असते. पण त्यावर उपाय म्हणून आजोबांच्या पश्चात पोलीस ठाण्यात जमा झालेली ठासणीची बंदूक नावावर करून घ्यायची? तू डोंबिवलीत, घर वाशिष्ठीकाठी. मग बंदूक धरणार कोण? घर राखायचं तर घरात माणूस लागतं, बाबा.

वारसाला परवाना मिळू शकतो, हे खरं. पण आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा हक्क नाही. 1959 च्या कायद्याने ती परवानगी आहे आणि तीही चौकशीअंती. आजोबांचा परवाना शेतीसंरक्षणाचा होता, वानरांसाठी आणि रानडुकरांसाठी. दारू भरायची, छरे ठासायचे, केप बसवायची, तोवर डुक्कर वरच्या आळीत पोचलेलं असायचं. आषाढात तर दारूच सर्दावते. 22 जुलै 2021 ला चिपळुणात तळमजले बुडाले तेव्हा लोक जीव घेऊन माळ्यावर आणि छपरावर चढले. त्यात बंदूक वाहून गेली असती, तर चोर बाजूला राहून ठाण्यात जबाब तुला द्यावा लागला असता.

स्वसंरक्षणाचा अधिकार कायद्यात आहे, तो मी नाकारत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिची कलमं 34 ते 44 नीट वाच. रात्रीची घरफोडी, जबरी चोरी, राहत्या घराला आग लावणं अशा मोजक्या प्रसंगी मालमत्तेसाठीही जीव घेण्यापर्यंत तो अधिकार जातो. तरी गरजेपुरतंच बळ, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर तेवढंही नाही. घंगाळ नेऊन आठवडा उलटल्यावर डोंबिवलीत बसून कसलं आलंय स्वसंरक्षण?

तू पाठवलेल्या व्हिडिओतल्या अमेरिकन माणसाचं ऐकलं. त्यांच्या राज्यघटनेतच शस्त्राचा हक्क आहे. 2005 मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी लोकांच्या बंदुका काढून घेतल्या आणि पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने अशा जप्तीवर बंदी घातली, हे त्याने बरोबर सांगितलं. पण त्याच शहरात 4 सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, दोघं मेली, चौघं जखमी झाली, ते त्याने गाळलं. शिकवून तयार केलेल्या पोलिसांची ही गत. वीज गेलेल्या रात्री तुझ्या पडवीत चढलेला ओला माणूस चोर आहे की माळा शोधणारा, हे तू कसं ओळखणार? पलीकडच्या आळीतली पोरंही असू शकतात, होडी घेऊन म्हातारीला न्यायला आलेली. घरात राहणारा आवाजावरून ओळखतो. म्हणून म्हणतो, घरात माणूस लागतं.

मग तुम्ही का ठेवलीत, असं विचारशील. ठेवली आहे. मी इथे राहतो, वानरं माझे नारळ नासतात, निवडणूक लागली की मुकाट्याने ठाण्यात जमा करतो आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरणाला रांगेत उभा राहतो. निसर्ग वादळात 3 जून 2020 ला पोफळी आडव्या झाल्या आणि पुढे कित्येक दिवस अंधार होता, तेव्हा ती भिंतीवरून खाली उतरली नाही. आळीतले चौघं ओटीवर बसायचो, कंदील आणि काठी घेऊन. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत. मुंबईच्या नोकरीवर पाणी सोडून मी इथे राहिलो ते काही बंदुकीच्या भरवशावर नव्हे.

तुला लगेच ये म्हणत नाही, हप्ते असतात. पण पावसाळ्याचे चार महिने घर कोणाला तरी राहायला दे, भाडं मागू नकोस. किल्ली शेजारी ठेव. पंप वैशाखातच काढून माळ्यावर चढव, भांडी बहिणीकडे पाठव, चोरीची फिर्याद अजून दिली नसशील तर उद्या दे.

आणि तरीही अर्ज करणार असशील तर कर. पडताळणीला पोलीस माझ्याकडेही येतील. विचारलं तर मी खरं तेच सांगणार, की पोरगा चांगला आहे, पण इथे राहत नाही.

तुझा,
काका