सर माझी कीव करतात का?

*ताई, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी गणितात दोनदा नापास झाले. आता आमचे सर तास संपल्यावर माझ्यासाठी थांबतात, मैत्रीण रोज संध्याकाळी सोबत बसते. पण इतरांच्या वहीवर नुसती बरोबरची खूण आणि माझी पानं लाल शाईने भरलेली! सर प्रश्न विचारून गप्प बसतात तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं होतं. उशीर झाला की मैत्रीणच माझी असाइनमेंट लिहून टाकते. दोघंही माझी कीव करतात असं वाटतं. सगळं बंद करू का? — ओझं*

प्रिय मुली,

सहीच्या जागी लिहिलेल्या नावाने मी तुला हाक मारणार नाही.

कीव करणारा माणूस एवढी लाल शाई खर्च करत नाही गं. तो 'छान प्रयत्न' लिहून वही परत देतो, कारण तुझ्याकडून यापेक्षा जास्त काही होणार नाही हे त्याने मनाशी ठरवलेलं असतं. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सातवीतल्या मुलांचे निबंध शिक्षकांनी शेरे मारून परत दिले. काहींच्या वहीला एक चिठ्ठी जोडली होती: माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि त्या तू पूर्ण करशील अशी खात्री आहे, म्हणून हे शेरे. ही चिठ्ठी मिळालेल्यांपैकी कितीतरी जास्त मुलांनी निबंध पुन्हा लिहून दिला. सगळ्यात मोठा फरक पडला तो कृष्णवर्णीय मुलांमध्ये, त्यातही शाळेवरचा विश्वास उडालेल्यांमध्ये. शेरे तेच होते, पण ते कशासाठी मारलेत हे मुलांना कळलं. तुझ्या सरांना चिठ्ठी लावायचं सुचलं नसेल. बहुतेक शिक्षकांना सुचत नाही. मग तूच विचार, 'सर, यातली कोणती चूक आधी सुधारू?' ते काय उत्तर देतात त्यावरून कीव आहे की अपेक्षा, हे तुला कळेल.

त्यांच्या गप्प बसण्याबद्दलही सांगते. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांमधली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ज्यांना ते कच्चे समजतात त्यांच्यासाठी तर आणखी कमी, असं तिला आढळलं. तीन सेकंद थांबायला शिकवल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं. म्हणजे ज्या शांततेत तुला घाम फुटतो, ती एरवी हुशार मुलांच्या वाट्याला जास्त येते. तेवढ्या वेळात उत्तर नाही आलं तर निदान पहिली पायरी मोठ्याने बोल, चुकीची असली तरी चालेल. तू कुठे अडतेस हे सरांना त्याशिवाय दिसणार कसं?

मैत्रिणीच्या बाबतीत मात्र मी जरा कडक होणार आहे. असाइनमेंट लिहून देणं आजपासून बंद. तिने ते प्रेमापोटीच केलं असेल, पण त्या संध्याकाळी शिकली कोण? जी लिहीत होती ती. अर्धवट राहिली तर अर्धवट दे, सरांना ती तशीच बघू दे. एरवी बसाल तेव्हा पेन तुझ्या हातात हवं. गणित तू सोडवायचं आणि प्रत्येक पायरी का घेतलीस ते तिला सांगायचं. तिने आधी फक्त 'हे कुठून आलं?' एवढंच विचारायचं, तू अडलीस तरच समजवायचं. आणि तिचा वेळ वाया जातो म्हणून एवढी झुरू नकोस. दुसऱ्याला समजावताना स्वतःचा विषय पक्का होतो, हे कुठलाही शिक्षक सांगेल. तरी तिलाही परीक्षा आहेच. रोज बसणं जड जातंय का, हे तिला सरळ विचार. 'हो' म्हणाली तर रुसू नकोस, दिवस कमी करा.

एक शंका राहते. आकडे उलटेसुलटे वाचले जाणं, साध्या बेरजेतही गोंधळ होणं हे लहानपणापासून होत असेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेटून डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे आणि गणित शिकताना मुळातच येणाऱ्या अडचणीची, तपासणी कुठे होते ते विचारून घे. तसं काही निघालं तर सरांनाही सांग, म्हणजे शिकवण्याची पद्धत त्यांना बदलता येईल.

— तुझी ताई