'सर्वांच्या संमतीने, बहुमताने मंजूर' हे चालेल का?

बेळगावातल्या शहापूरच्या एका गणेशोत्सव मंडळाच्या चिटणीसांचा प्रश्न: वर्गणीवाढीच्या ठरावाला चौघांचा विरोध होता, तरी इतिवृत्तात 'सर्व सभासदांच्या संमतीने, बहुमताने मंजूर' असं लिहिलंय. बरोबर आहे का?

नाही. बहुमत हात मोजून ठरतं. संमती ज्याची त्यानेच द्यायची. ते चौघे वाढीव वर्गणी मुकाट्याने देतीलही. म्हणून ठराव त्यांना मान्य होता असं नाही, त्यांनी तो मानला एवढंच. 'सर्वानुमते' लिहायला सगळ्यांचा होकार लागतो. 'बिनविरोध'ला कुणी नको म्हटलं नाही तरी भागतं, आणि बैठकीत गप्प कोण बसतं, का बसतं, हे चिटणीसांना मी काय सांगावं!

या गप्प बसण्यालाच संमती म्हणावं का, हा वाद जुना आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मते राज्यातल्या रस्त्यावरून नुसतं चाललात तरी तुमची मूक संमती झाली. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 साली उलट विचारलं: झोपेत उचलून जहाजावर नेलेला माणूस समुद्रात उडी टाकत नाही, म्हणून त्याला कप्तानाचा अंमल कबूल आहे म्हणायचं?

सीमाभागात हे फोड करून सांगायला नको. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं ते संसदेच्या कायद्याने, म्हणजे बहुमतानेच. इथे सार्वमत झालं नाही. राज्यांच्या सीमा बदलताना घटनेचा अनुच्छेद 3 विधिमंडळाचंसुद्धा फक्त मत मागवतो, संमती नव्हे. पण सीमाप्रश्नात आपण मराठी माणसं ज्याच्या आधारे दावा सांगतो, ते पाटसकर सूत्र तरी काय? खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. लोकेच्छा झाली तरी मोजूनच ठरणार. मराठी गावातल्या कानडी घराची संमती त्यात कुठे येते? हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

इथे 'बहुमत' आणि 'बहुसंख्या' हे शब्दही वेगळे ठेवावेत. राजकीय बहुमत घडतं आणि मोडतं, जमातीची बहुसंख्या जन्मानेच ठरते, हा भेद डॉ. आंबेडकरांनी 1945 च्या मुंबईतल्या भाषणात मांडला होता. तुमच्या चौघांना पुढच्या बैठकीत आणखी वीस जण मिळू शकतात. त्या कानडी घराला ती सोय नाही.

तेव्हा लिहा: 'ठराव बहुमताने मंजूर. चार सभासदांचा विरोध.' त्यांची हरकत नसेल तर नावंही घाला.