ते चार मायक्रॉन

प्रश्न : नमस्कार मॅडम. ५० मिलिमीटर व्यासाच्या भरीव शाफ्टवर बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर असलेली रिंग प्रेस फिट केली आहे (दाबून घट्ट बसवली आहे). दोन्ही स्टीलचे, त्रिज्येत इंटरफिअरन्स (रिंगच्या भोकापेक्षा शाफ्ट जितका मोठा, तो फरक) ३० मायक्रॉन. फायनाइट एलिमेंट विश्लेषणात (भागांचे छोटे तुकडे पाडून केलेल्या संगणकी हिशेबात) पेनल्टी पद्धत वापरली, म्हणजे शिरकावाला काल्पनिक स्प्रिंगनं विरोध केला, तर शाफ्ट रिंगमध्ये ४ मायक्रॉन शिरलेला दिसतो. पेनल्टी, म्हणजे त्या स्प्रिंगचा ताठरपणा, हजारपट केली, तर सॉल्व्हर कन्व्हर्जच होत नाही (उत्तर स्थिरावतच नाही). लॅग्रांज मल्टिप्लायर (संपर्काचा दाबच अज्ञात धरून शिरकाव रोखणारी पद्धत) घेऊ का?

उत्तर : त्या ४ मायक्रॉनकडे तुम्ही लक्ष दिलंत, हे फार बरं केलंत. जड यंत्र पायावर टेकलेलं असतं, तर मी ते सोडून दिले असते. वजन तेवढंच राहतं, दाबाची बेरीज चुकत नाही. तुमच्या जोडात मात्र दाब येतो तोच मुळी ३० मायक्रॉनमधून. त्यातले ४ पेनल्टीच्या काल्पनिक स्प्रिंगनं खाल्ले. लामेच्या जाड नळीच्या सूत्रानं, स्टीलचा यंग गुणांक (ताठरपणाचं माप) २१० गिगापास्कल धरून, दाब ९४.५ मेगापास्कल यायला हवा. तुम्हाला ८२ च्या आसपास मिळत असणार. म्हणजे पकडही तेरा टक्के कमी दिसणार.

नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका जोडावर मी आठवडाभर पेनल्टी चढवत बसले होते. शिरकाव शून्यच हवा, असा हट्ट होता. नोड (मेशचे, म्हणजे तुकड्यांच्या जाळीचे, बिंदू) एका इटरेशनला (हिशेबाच्या फेरीला) टेकायचे, पुढच्याला सुटायचे, आणि मी मेशला दोष देत राहिले. दोष त्या आकड्याचा होता. पेनल्टी अवाच्या सवा झाली की समीकरणांच्या मॅट्रिक्सची कंडिशन बिघडते (बारीक चूकही मोठी होते) आणि किंचित हालचालीनंही बळ प्रचंड उसळतं.

लॅग्रांज मल्टिप्लायरनं शिरकाव खरोखर शून्यावर येतो. पण प्रत्येक संपर्कबिंदूला एक नवं अज्ञात वाढतं आणि मॅट्रिक्सच्या कर्णावर शून्यं येतात. बरेच इटरेटिव्ह सॉल्व्हर तिथे अडखळतात. शिवाय त्याच नोडवर दुसरं बंधन असेल, तर दोन्ही एकमेकांशी भांडतात.

तुमच्यासाठी मी ऑगमेंटेड लॅग्रांज, म्हणजे या दोन्हींचा मेळ, निवडेन. हेस्टेनिस आणि पॉवेल या गणितज्ञांनी १९६९ मध्ये ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली, तीही संपर्कासाठी नव्हे, बंधनं असलेल्या ऑप्टिमायझेशनसाठी. सध्याचीच पेनल्टी ठेवा. पहिल्या फेरीत मिळालेला दाब पुढच्या फेरीची सुरुवात म्हणून धरला जातो आणि स्प्रिंगला फक्त उरलेली तूट भरून काढावी लागते. तुमच्या आकड्यांवरून हिशेब केला : ४ मायक्रॉनचे पहिल्या सुधारणेनंतर ०.५३ होतात, दुसरीनंतर ०.०७. दाबातली चूक पाव टक्क्याच्या आत येते. हा आदर्श, रेषीय हिशेब आहे; प्रत्यक्षात एखादी फेरी जास्त लागेल.

आधी घर्षणाशिवाय चालवा आणि इंटरफिअरन्स एकदम न देता दहा टप्प्यांत द्या. दोन्ही भागांची मेश जुळत नसेल आणि दाब दातेरी दिसत असेल, तर मॉर्टार संपर्क (बंधन पृष्ठभागावर सरासरीनं लावणारी पद्धत) वापरा. नोड-टू-सेगमेंटमध्ये (एका बाजूचा एकेक नोड दुसऱ्या बाजूच्या तुकड्याशी तपासणाऱ्या पद्धतीत) तो दातेरीपणा पद्धतीतूनच येतो.

दाब तपासायचा तो रिंगच्या मधोमध. शाफ्ट रिंगच्या बाहेर येतो त्या कडेवर मेश बारीक कराल तसा दाब चढतच जाईल, आणि तिथला आकडा लामेशी जुळणार नाही. त्या कडेचीच काळजी असेल, तर रिंगला तिथे प्रत्यक्षात असलेली गोलाई मॉडेलमध्ये काढा.